पोटाचा टीबी आणि मोठ्या शिरांमधील रक्ताच्या गुठळ्या: रुग्ण व कुटुंबीयांनी काय जाणून घ्यावे?

पोटाच्या टीबीचे निदान झाले की घरात सगळ्यांचे लक्ष पोटाकडे लागते. दुखणे कमी झाले का, भूक लागते का, वजन वाढतेय का, एवढेच पाहिले जाते. अशा वेळी एक पाय सुजला तर 'अशक्तपणामुळे असेल' असे म्हणून पायाखाली उशी दिली जाते. थोडे चालल्यावर दम लागला तर 'अंगात रक्त कमी आहे' असे समजले जाते. बऱ्याचदा हे खरेही असते. पण काही रुग्णांमध्ये या लक्षणांमागे मोठ्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी असते आणि तिच्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर जिवाला धोका होऊ शकतो.

ही गुंतागुंत पोटाच्या टीबीच्या प्रत्येक रुग्णाला होत नाही. बहुतेकांना ती होतच नाही. पण ज्यांना होते त्यांना दोन आजारांची औषधे एकाच वेळी घ्यावी लागतात आणि त्यांतले एक औषध दुसऱ्याचा परिणाम बदलते. ही एक गोष्ट नीट समजली तर बरेचसे धोके टाळता येतात.

गाठ आणि गुठळी यांत फरक आहे

बोलताना आपण दोन्हींना 'गाठ' म्हणतो. त्यामुळे रिपोर्ट समजून घेताना गोंधळ होतो.

पोटाच्या टीबीत लसिका ग्रंथी सुजतात. सोनोग्राफीत त्या 'गाठी' म्हणून दिसतात. या गाठी शिरेच्या बाहेर असतात.

रक्ताची गुठळी शिरेच्या आत असते. पातळ वाहणारे रक्त एखाद्या ठिकाणी गोठून तिथला प्रवाह अडवते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. टीबीच्या औषधांनी ग्रंथींच्या गाठी हळूहळू कमी होतात. गुठळीसाठी मात्र रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे लागतात. म्हणून डॉक्टर 'गाठ आहे' असे म्हणाले तर ती ग्रंथीची आहे की शिरेतली, हे जरूर विचारा.

टीबीमध्ये रक्ताच्या गुठळ्या का होतात?

शिरेत रक्त गोठण्यामागे साधारण तीन कारणे असतात: रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्तातच गोठण्याचा कल वाढणे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिर्को यांच्या नावाने हे त्रिकूट आजही शिकवले जाते. पोटाच्या टीबीत ही तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात.

रक्त गोठण्याचा कल वाढतो. टीबीमुळे शरीरात दीर्घकाळ दाह चालू असतो. त्याला उत्तर म्हणून यकृत फायब्रिनोजेनसारखी रक्त गोठवणारी प्रथिने जास्त प्रमाणात तयार करते. काहींच्या प्लेटलेट वाढतात. उलट, रक्त गोठू नये म्हणून काम करणारी अँटीथ्रॉम्बिनसारखी नैसर्गिक प्रथिने कमी होतात. टीबीचे उपचार सुरू झाल्यावर हे असंतुलन हळूहळू सुधारते. म्हणूनच निदानाच्या आसपासचा काळ आणि उपचारांचे पहिले काही आठवडे जास्त जपण्याचे असतात.

शिरांवर दाब येतो. पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी महाशीर पाठीच्या कण्याला लागून वर जाते. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेला पोर्टल शीर म्हणतात. या शिरांच्या आजूबाजूला लसिका ग्रंथींची दाटी असते. त्या सुजून एकमेकींना चिकटल्या की शीर बाहेरून दाबली जाते आणि आतला प्रवाह मंदावतो. ग्रंथींमधला दाह शिरेच्या भिंतीपर्यंतही पोहोचू शकतो.

आजारपणामुळे भर पडते. रुग्ण दिवसच्या दिवस अंथरुणावर असतो. पायांचे स्नायू हलले नाहीत की पायांतले रक्त वर चढायला वेळ लागतो. जुलाब, उलट्या आणि कमी पाणी पिणे यांमुळे शरीर कोरडे पडते. त्यात आतड्याचे ऑपरेशन झाले असेल किंवा स्त्री रुग्ण गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर धोका आणखी वाढतो.

गुठळी कुठे होते आणि लक्षणे कोणती?

गुठळी कोणत्या शिरेत आहे त्यावर लक्षणे अवलंबून असतात.

• पाय किंवा जांघेतील खोल शीर: एकाच पायाला सूज, पोटरी किंवा मांडी दुखणे, पाय जड आणि गरम लागणे, कातडी ताणल्यासारखी किंवा लालसर दिसणे.

• पोटातील महाशीर: दोन्ही पायांना सूज, कंबरेत किंवा पाठीत दुखणे, काही आठवड्यांनी पोटाच्या कातडीवर फुगलेल्या शिरा दिसणे.

• पोर्टल शीर: पोटात वरच्या भागात दुखणे, प्लीहा वाढणे, पोटात पाणी होणे. गुठळी जुनी झाली तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि त्या फुटल्यास रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौच होते.

• आतड्यांच्या शिरा: पोटात असह्य दुखणे, उलट्या, शौचातून रक्त. आतड्याचा रक्तपुरवठा बिघडून आतडे निकामी होऊ शकते. ही आणीबाणीची स्थिती आहे.

• यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा: उजव्या बरगडीखाली दुखणे, पोटात वेगाने पाणी वाढणे, कधी कावीळ.

पायातली किंवा महाशिरेतली गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकू शकते. तेव्हा अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत टोचते, हृदयाची धडधड वाढते, खोकल्यातून रक्त पडते किंवा रुग्ण चक्कर येऊन कोसळतो.

अडचण अशी की यांतली बरीच लक्षणे टीबीचीही असतात. पोटात पाणी टीबीमुळेही होते. रक्तातील अल्ब्युमिन कमी झाल्यानेही पाय सुजतात, पण ती सूज सहसा दोन्ही पायांना सारखी असते आणि दुखत नाही. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा: एकाच पायाला आलेली सूज, अचानक वाढलेला दम आणि टीबीची औषधे चालू असूनही झपाट्याने वाढलेले पोट किंवा पोटदुखी. यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

पाय सुजला तर तेल लावून चोळू नका. आपल्याकडे प्रेमापोटी हे सर्रास केले जाते, पण आत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटण्याचा धोका असतो. आधी तपासणी करून घ्या.

निदान कसे होते?

पायाच्या शिरांसाठी डॉपलर सोनोग्राफी केली जाते. यात सुई टोचावी लागत नाही. पोर्टल शीर आणि यकृताच्या शिरांसाठी पोटाची डॉपलर करतात, मात्र आतड्यातल्या हवेमुळे खोलवरच्या शिरा कधी नीट दिसत नाहीत. अशा वेळी शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात. फुप्फुसातील गुठळीसाठीही अशाच प्रकारचा छातीचा सीटी स्कॅन लागतो.

डी-डायमर ही रक्ततपासणी तुम्ही ऐकली असेल. टीबीच्या दाहामुळे ती गुठळी नसतानाही वाढलेली असू शकते. त्यामुळे फक्त तो आकडा पाहून घाबरू नका आणि फक्त त्यावरून गुठळी आहे असेही मानू नका.

काही रुग्णांमध्ये क्रम उलटा असतो. आधी शिरेत गुठळी सापडते आणि 'ही का झाली?' याचा शोध घेताना पोटाचा टीबी कळतो. पोटाचा कर्करोग आणि क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार यांतही अशाच गुठळ्या होतात आणि स्कॅनवर चित्र टीबीसारखे दिसू शकते. म्हणून शक्य असेल तेव्हा डॉक्टर आतड्याचा किंवा ग्रंथीचा तुकडा, अथवा पोटातले पाणी तपासायला पाठवतात. या तपासणीला लागणारा वेळ वाया गेलेला नसतो.

उपचार: दोन्ही आजारांवर एकाच वेळी

टीबीचे उपचार हा पाया आहे. पोटाच्या टीबीवर साधारणपणे 6 महिने औषधे दिली जातात: पहिले 2 महिने चार औषधे आणि पुढचे 4 महिने तीन औषधे. दाह कमी झाला, ग्रंथी आकसल्या की गुठळी होण्याचे मूळ कारणच कमी होते.

त्याच वेळी रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे सुरू करतात. आपण त्यांना 'रक्त पातळ करणारी' म्हणतो, पण ती रक्तात पाणी मिसळल्यासारखे रक्त पातळ करत नाहीत आणि असलेली गुठळी विरघळवतही नाहीत. ती गुठळीची वाढ थांबवतात आणि नवीन गुठळी होऊ देत नाहीत. जुनी गुठळी शरीर स्वतः हळूहळू विरघळवते. त्यासाठी काही आठवडे ते महिने लागतात.

सुरुवातीला बहुधा हेपारिन प्रकारातील इंजेक्शन देतात. ते पोटाच्या कातडीखाली टोचतात. तिथे लहान निळसर डाग पडणे नेहमीचे आहे. पुढे गोळ्या सुरू होतात आणि त्या किमान 3 महिने, गरजेनुसार त्याहून जास्त काळ चालतात. किती काळ, हे गुठळीची जागा, टीबीची प्रगती आणि रक्तस्रावाचा धोका पाहून ठरते.

सर्वांत महत्त्वाचे: रिफॅम्पिसिन आणि रक्त पातळ करणारी गोळी

टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन हे एक प्रमुख औषध आहे. हल्ली टीबीची औषधे एकाच गोळीत एकत्र असल्यामुळे अनेक रुग्णांना आपण हे औषध घेतो हे माहीत नसते. गोळी सुरू केल्यावर लघवी केशरी होते ती याच औषधामुळे.

रिफॅम्पिसिन यकृताला औषधे तोडण्याच्या कामाला जोराने लावते. वॉरफेरिन किंवा असिनोकुमारोल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यामुळे लवकर नष्ट होतात. नेहमीचा डोस अपुरा पडतो आणि तो दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही वाढवावा लागू शकतो. गोळी वेळेवर घेऊनही गुठळी वाढण्याचे हे एक मोठे कारण आहे.

डोस पुरेसा आहे की नाही हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवरून कळते. ही औषधे न घेणाऱ्या निरोगी व्यक्तीत हा आकडा 1 च्या जवळपास असतो. गुठळीच्या रुग्णात तो बहुधा 2 ते 3 ठेवतात. 2 पेक्षा खाली गेला तर गुठळीचा धोका आणि 3 च्या बराच वर गेला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

या काळात तीन टप्प्यांवर विशेष सावध राहा.

1. रिफॅम्पिसिन सुरू होते तेव्हा. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत वॉरफेरिनचा परिणाम घटत जातो. या काळात आयएनआर वरचेवर, डॉक्टर सांगतील त्या दिवशी तपासा.

2. रिफॅम्पिसिन मध्येच थांबवावे लागते तेव्हा. टीबीच्या औषधांमुळे कधी यकृताला सूज येते, कावीळ होते आणि औषधे काही दिवस बंद करावी लागतात. अशा वेळी वॉरफेरिनचा वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकते. यकृत आजारी असल्यामुळे हा धोका दुप्पट असतो.

3. टीबीचा कोर्स पूर्ण होतो तेव्हा. घरात पेढे वाटण्याचा दिवस, पण वॉरफेरिन चालू असेल तर पुढचे काही आठवडे जपण्याचे. रिफॅम्पिसिनचा परिणाम साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो आणि वॉरफेरिनचा जोर वाढत जातो. डोस टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो.

दुसऱ्या टप्प्याचे एक उदाहरण पाहू. समजा, रोज 5 मिलिग्रॅम वॉरफेरिनने ठीक असलेल्या रुग्णाला टीबीच्या औषधांसोबत 12 मिलिग्रॅम लागू लागले. चौथ्या महिन्यात कावीळ झाली म्हणून टीबी केंद्रात गोळ्या थांबवल्या, पण रक्त पातळ करणारी गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली असल्यामुळे तिचा विषय निघालाच नाही. दहा दिवसांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागले. यात कोणतेही औषध चुकीचे नव्हते. फक्त एका डॉक्टरांचा निर्णय दुसऱ्यांपर्यंत पोहोचला नाही. तो पोहोचवण्याचे काम तुम्ही करू शकता.

रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांसाठी आयएनआर तपासावा लागत नाही म्हणून त्या सोयीच्या वाटतात. पण रिफॅम्पिसिनमुळे त्यांचेही रक्तातील प्रमाण बरेच घटते आणि ते नेहमीच्या तपासणीत कळत नाही. म्हणून रिफॅम्पिसिनसोबत या गोळ्या सहसा टाळतात. तुम्ही आधीपासून यांपैकी एखादी घेत असाल तर टीबीची औषधे सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. हेपारिन प्रकारातील इंजेक्शनवर रिफॅम्पिसिनचा असा परिणाम होत नाही. त्यामुळे काही रुग्णांना ते जास्त काळ दिले जाते.

घरी काय काळजी घ्याल?

• एक वही ठेवा. तारीख, आयएनआरचा आकडा, गोळीचा डोस आणि टीबीच्या औषधांतील बदल त्यात लिहा. टीबीच्या, गुठळीच्या आणि दाताच्याही डॉक्टरांना ती दाखवा.

• कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका. सूज उतरली म्हणजे गुठळी गेली असे नाही.

• डोस विसरला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळी घेऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा.

• अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आणून घेऊ नका. दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन घेण्याआधी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे सांगा.

• काढे, भस्मे, जडीबुटीची औषधे यांनी आयएनआर बदलू शकतो, काहींनी यकृतालाही इजा होते. घेत असाल तर लपवू नका.

• पालक, मेथी, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असते आणि ते वॉरफेरिनच्या विरुद्ध काम करते. पालेभाज्या सोडण्याची गरज नाही. रोज साधारण सारख्या प्रमाणात खा. एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे नको.

• डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात चाला. अंथरुणावर असताना पावले वर-खाली हलवा. पाणी पुरेसे प्या. पोटात पाणी झाले असेल तर किती प्यायचे ते विचारून घ्या.

• दारू पूर्ण बंद ठेवा. टीबीची औषधे, यकृत आणि रक्त पातळ करणारी गोळी, तिन्हींसाठी ती घातक आहे.

स्त्रियांसाठी विशेष सूचना: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या गुठळीचा धोका वाढवतात. शिवाय रिफॅम्पिसिनमुळे त्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. आणि वॉरफेरिन चालू असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग येऊ शकते. म्हणून उपचार सुरू होतानाच स्त्रीरोगतज्ज्ञांकडून योग्य पर्याय ठरवून घ्या. पाळी चुकली तर लगेच सांगा. पाळीत रक्तस्राव नेहमीपेक्षा खूप वाढला तरी सांगा.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

• अचानक दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणे
• रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच
• पोटात असह्य दुखणे, पोट कडक होणे
• न थांबणारा रक्तस्राव, डोक्याला मार लागणे, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे

अशा वेळी 108 वर रुग्णवाहिका बोलवा आणि वही व औषधांची पाकिटे सोबत घ्या.

डोळे पिवळे होणे, सतत मळमळ किंवा अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग दिसणे ही लक्षणेही त्याच दिवशी डॉक्टरांना सांगण्याची आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लघवी लालसर होते, ते रक्त आहे का?
रिफॅम्पिसिनमुळे लघवी, घाम आणि अश्रूही केशरी होतात. त्यात धोका नाही. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लघवी गडद लाल किंवा कोकाकोलासारखी झाली, त्यात गुठळ्या दिसल्या किंवा रंग अचानक बदलला तर लघवीची साधी तपासणी करून घ्या. रंगावरून घरी अंदाज बांधू नका.

गुठळी काढण्यासाठी ऑपरेशन लागते का?
बहुतेकांना नाही. गुठळीमुळे जिवाला किंवा अवयवाला धोका असेल तर ती विरघळवणारे औषध किंवा नळी घालून ती काढण्याचा विचार होतो. आतडे निकामी झाले असेल तर ऑपरेशन करावे लागते. रक्तस्रावामुळे रक्त पातळ करणारे औषध देताच येत नसेल तर काही रुग्णांच्या महाशिरेत जाळी बसवतात.

गुठळी असेल तर माझ्यापासून घरच्यांना टीबी होईल का?
गुठळीचा संसर्ग होत नाही. फक्त पोटाचा टीबी असलेल्या रुग्णापासून खोकल्यावाटे टीबी पसरत नाही. मात्र फुप्फुसातही टीबी आहे का, हे पाहण्यासाठी छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार थुंकीची तपासणी करतात.

सरकारी केंद्रात औषधे मिळतात का?
हो. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात टीबीची औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा मदत मिळते. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 500 वरून 1000 रुपये झाली आहे. माहितीसाठी 1800-11-6666 ही मोफत हेल्पलाइन आहे.

हे बरे होते का?
वेळेत ओळखले आणि दोन्ही उपचार पूर्ण केले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींच्या पायात संध्याकाळी थोडी सूज राहते, तर पोर्टल शिरेत जुनी गुठळी राहिलेल्यांना काही काळ दुर्बिणीने अन्ननलिका तपासून घ्यावी लागते. पुढच्या भेटीला जाताना एक प्रश्न वहीत लिहून न्या: 'माझ्या टीबीच्या गोळ्यांत बदल झाला तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस कोण आणि केव्हा बदलणार?' याचे उत्तर मिळेपर्यंत दवाखान्यातून उठू नका.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.